एका सेलची टॉर्च: ग्वाल्हेरच्या हवेत कोणती टिकते?

टॉर्च विकत घेताना आपण ती हातात तोलतो, बोटाने ठोकून बघतो आणि 'पूर्ण मेटल आहे ना?' असं दुकानदाराला विचारतो. टॉर्च पडून फुटेल, ही आपली धास्ती. पण घराघरांतल्या बंद पडलेल्या टॉर्च उघडून पाहिल्या, तर कारण निराळंच निघतं. देवघराच्या फळीवर, उशाशी, गाडीच्या कप्प्यात महिनोन्महिने पडून राहिलेल्या टॉर्चमधला सेल गळतो, स्प्रिंग गंजते, मागचं झाकण आट्यांत असं अडकतं की पक्कड लावूनही फिरत नाही. म्हणून खिशात मावणारी टिकाऊ टॉर्च निवडायची, तर आधी सेल ठरवावा आणि मग टॉर्च. ग्वाल्हेरला राहणाऱ्याने तर नक्कीच, कारण इथली हवा सेलच्या मुळावर येणारी आहे.

मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. दुपारची लू ओसरते न ओसरते तोच संध्याकाळी आँधी उठते आणि पिठासारखी बारीक धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते. मग दमट पावसाळा, आणि जानेवारीत सकाळी नऊपर्यंत समोरचा माणूस दिसू नये असं धुकं. टॉर्चला त्रास द्यायला याहून काय हवं? लाईट जाणं मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. 'बिजली-सडक-पानी'वर २००३ची विधानसभा निवडणूक फिरली, त्या काळातला तासन्‌तासांचा अंधार ज्यांनी काढला, त्यांना हा फरक सांगायला नको. आता इन्व्हर्टर आहेत, मोबाईलमध्ये दिवा आहे. तरी शहरातल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांचे अंधारे, उंच पायऱ्यांचे जिने तसेच आहेत. डबरा-भितरवारकडच्या शेतात रात्री पाण्याची पाळी येते. पावसात तोंडात धरता येते ती टॉर्च, मोबाईल नव्हे.

आपल्या वडीलधाऱ्यांची टॉर्च दोन किंवा तीन मोठ्या सेलांची असे. एव्हरेडीची पितळी 'जीवनसाथी' अजूनही काही घरांत निघेल. हे एव्हरेडीचे सेल आणि टॉर्च बनवणारी कंपनी म्हणजे युनियन कार्बाइड इंडिया. डिसेंबर १९८४मध्ये आपल्याच राज्याच्या राजधानीत जिच्या कारखान्यातून वायू सुटला, तीच. १९९४मध्ये तिच्या अमेरिकन मूळ कंपनीने आपला हिस्सा कोलकात्याच्या विल्यमसन मेगॉर समूहाला विकला आणि नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. लाल सेल मात्र दुकानात होता तिथेच राहिला.

त्या जुन्या टॉर्चमध्ये सेल गळायचे, त्याला दोन कारणं होती. पहिलं रसायनाचं. साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचं भांडं हेच एक टोक असतं. वीज देता देता तेच झिजत जातं, म्हणजे सेल स्वतःचंच भांडं खातो. पातळ झालेल्या जागी भोक पडलं की आतली आम्लधर्मी लगदी बाहेर येते. दुसरं कारण मांडणीचं. एकामागोमाग लावलेले सेल कधीच अगदी सारखे नसतात. सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे त्याच्यातून वीज ढकलतच राहतात. त्याची टोकं उलटी होतात, आत वायू साठतो आणि तो फुटून गळतो. एक जुना आणि एक नवा सेल घालण्याची सवय असलेल्या घरांत हे हमखास घडतं. एकाच सेलच्या टॉर्चमध्ये हे दुसरं कारण मुळातच उरत नाही, कारण ढकलायला शेजारी कुणी नसतो. लहान आकार आणि कमी वजन हे तिचे फायदे सगळेच सांगतात. मला हा फायदा त्याहून मोठा वाटतो.

मग एका सेलच्या टॉर्च आधी का चालल्या नाहीत? बल्बमुळे. मॅगलाइटची सॉलिटेअर १९८८मध्ये आली, किल्लीला अडकवायची, एका ट्रिपल ए सेलवर चालणारी. तिचा उजेड जेमतेम दोन ल्युमेन. पुढे तिच्यातच एलईडी बसवल्यावर तो सदतीस ल्युमेन झाला, नंतर सत्तेचाळीस. सेल तोच. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी त्याच निळ्यावर पिवळा लेप देऊन होतो.

अडचण एवढीच की पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि पेन्सिल सेल देतो दीड, रिचार्जेबल असेल तर १.२. म्हणून टॉर्चच्या डोक्यात व्होल्टेज वाढवणारं एक चिमुकलं सर्किट असतं. एक वॅटचा एलईडी, म्हणजे शंभरच्या वर ल्युमेन, चालवायला हे सर्किट १.२ व्होल्टच्या सेलमधून सुमारे एक अँपियर ओढतं. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. भिंतीवरच्या घड्याळाला जे चालतं ते इथे चालत नाही.

दहा-वीस रुपयांचा लाल किंवा निळा साधा सेल एक अँपियर देऊच शकत नाही. उजेड दोन-चार मिनिटांत मंद होतो आणि माणूस टॉर्चला नावं ठेवतो. अल्कलाइन सेल त्याहून बरा, पण इतक्या भाराखाली तोही आपल्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी देतो. आणि तो गळतो. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेशी मिळालं की पांढरी भुकटी जमते, तीच टॉर्चची मारेकरी. उष्णतेत ही क्रिया वेगाने होते, त्यामुळे पुण्यातल्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल जितका काळ बरा राहील, तितका तो ग्वाल्हेरात राहील असं धरू नये. पाकिटावर छापलेली दहा वर्षांची मुदत पाकिटातल्या, गार जागेतल्या सेलची असते. अल्कलाइन गळतीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाने लावून साफ करता येतं. साध्या झिंक सेलची गळती आम्लधर्मी असल्याने तिथे खाण्याचा सोडा चालतो. पण सर्किटपर्यंत ओल पोचली असेल तर हे सगळे उपाय फुकट.

माझं मत निकेल-मेटल हायड्राइडच्या बाजूने आहे, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं 'रिचार्जेबल पेन्सिल सेल' म्हणतात त्याच्या. पूर्वी या सेलांची बदनामी रास्त होती. भरून ठेवलेला सेल महिन्या-दोन महिन्यांत आपोआप रिकामा व्हायचा. २००५च्या अखेरीस सान्योने एनेलूप आणला आणि हा दोष बराचसा गेला. आता तो पॅनासॉनिकच्या नावाने मिळतो. भरलेला सेल दहा वर्षांनीही सत्तर टक्के वीज राखतो, असं कंपनी सांगते. मात्र ते वीस अंश तापमानाला. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये वीस अंश फक्त फ्रिजमध्ये असतात. तेव्हा इथे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला, सेल भरून घ्यावा. एवढं केलं की तो वर्षानुवर्षं साथ देतो. एक अँपियरचा भार तो सहज पेलतो. दोन हजार मिलिअँपियर-तासांच्या सेलमध्ये सुमारे २.४ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे आपला एक वॅटचा एलईडी सर्किटमधला तोटा धरूनही दोन तासांच्या थोडं आत चालेल. पाच ल्युमेनच्या मंद उजेडावर तोच सेल कित्येक रात्री पुरतो. आणि गळण्याचं प्रमाण अगदी थोडं. २५०० आणि त्याहून मोठे आकडे छापलेले सेल पाहून हुरळू नये. जास्त क्षमतेचे सेल कमी वेळा भरता येतात आणि लवकर थकतात.

इथे एक बारीक अडचण आहे, जी दुकानदार सांगत नाहीत. स्वस्त चार्जर सेल जोडीनेच भरतात. एकच सेल घातला तर त्यांचा दिवा लागत नाही, आणि एक भरलेला व एक रिकामा सेल एकत्र घातला तर एक उपाशी राहतो, दुसरा तापतो. एका सेलच्या टॉर्चसाठी प्रत्येक खाचेचा दिवा वेगळा असलेला चार्जरच हवा. टॉर्चवर खर्च करताना चार्जरवर हात आखडणाऱ्यांची टॉर्च दोन वर्षांत कोपऱ्यात जाते.

न भरता येणारा लिथियम पेन्सिल सेल हा आणखी एक चांगला पर्याय. वजन जेमतेम पंधरा ग्रॅम, गळत नाही, उणे चाळीस ते साठ अंशांपर्यंत चालतो, वीस वर्षं ठेवला तरी वीज राखतो. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. गाडीत किंवा प्रवासी पिशवीत 'अडीनडीला' म्हणून पडून राहणाऱ्या टॉर्चमध्ये मात्र हाच घालावा.

हल्ली दीड व्होल्टचे टाइप-सी केबलने भरायचे लिथियम सेलही आले आहेत. कल्पना सुरेख आहे. पण हा सेल शेवटपर्यंत एकसारखा दीड व्होल्ट देतो आणि संपताना खटकन बंद होतो. मंद होऊन इशारा देणं त्याच्या स्वभावात नाही. घरात ठीक, रात्री शेताच्या बांधावर मला तो नको.

याहून धोक्याचा प्रकार १४५०० या आकड्याचा. तो पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम-आयन सेल असतो, पण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. काही टॉर्च दोन्ही घेतात, सोफिर्नची एसपी१० प्रो त्यातलीच, आणि १४५०० वर उजेड कितीतरी वाढतो. शौकिनांना त्याचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण ज्या घरात रिमोट, घड्याळ, नातवंडांची खेळणी आणि टॉर्च यांचे सेल एकाच डब्यात राहतात, तिथे हा सेल आणूच नये. चुकून खेळण्यात गेला तर खेळणं जळेल.

आता १८६५०. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. यात पेन्सिल सेलच्या चौपट ऊर्जा मावते, सर्किट सोपं होतं आणि उजेडाला तोटा राहत नाही. एकाच सेलवर सर्वाधिक काम हवं असेल, तर कागदावर हाच जिंकतो. पण आपल्या बाजारात दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. एक म्हणजे नकली सेल. 'नऊ हजार नऊशे' किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले सेल ढिगाने विकले जातात. या मापात साडेतीन-चार हजारांपेक्षा जास्त क्षमता कुणालाच बसवता आलेली नाही. वजनकाटा खोटं बोलत नाही: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, तिशीत भरला तर आत भलतंच काही आहे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी, आयएस १६०४६ हा आकडा, वेष्टनावर आहे का तेही बघावं. दुसरी गोष्ट ऊन. बंद गाडी ग्वाल्हेरच्या उन्हात उभी राहिली की आतलं तापमान साठच्या पुढे जातं आणि लिथियम-आयन सेलची सहनशक्ती तिथेच संपते. लगेच पेट घेईल असं नाही. पण दोन उन्हाळ्यांत सेल निम्मा होतो. डॅशबोर्डवर अशी टॉर्च ठेवणाऱ्यांनी ती घरी आणावी.

आत कायमची बसवलेली बॅटरी आणि बाजूला चार्जिंगचं भोक, अशा टॉर्च सध्या सर्वांत जास्त खपतात. टिकाऊपणाच्या हिशेबात मी त्या यादीतूनच काढतो. बॅटरी तीन-चार वर्षांत थकणारच, आणि ती बदलता येत नसेल तर टॉर्चचं आयुष्यही तेवढंच. रबरी झाकणाखालच्या भोकात आँधीची धूळ बसते ती वेगळी. भिंतीतल्या सॉकेटला थेट लावायच्या, आत शिशाची बॅटरी असलेल्या प्लास्टिकच्या टॉर्च तर त्याहून अल्पायुषी. दोन-तीन महिने न भरता राहिल्या की शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर चढतो आणि मग त्या भरतच नाहीत.

उजेडाबद्दल बाजारात जेवढं खोटं बोललं जातं तेवढं क्वचितच कशाबद्दल बोललं जात असेल. त्यातल्या त्यात विश्वासाचा आधार म्हणजे २००९मध्ये अमेरिकेत ठरलेलं एफएल-वन हे मानक. चांगल्या कंपन्या खोक्यावर त्याची चिन्हं छापतात. पण तेही वाचायला शिकावं लागतं. 'चालण्याचा वेळ' म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ. त्यामुळे पाचशे ल्युमेन आणि चार तास असं लिहिलेली टॉर्च तीन मिनिटांत शंभरावर उतरून उरलेला वेळ रेंगाळत काढू शकते. 'पल्ला' म्हणजे जिथे प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स, उरतो ते अंतर. शंभर मीटर पल्ल्याची टॉर्च शंभर मीटरवरचा माणूस ओळखू देत नाही. तिथे कुणीतरी आहे एवढंच सांगते. आणि पल्ला दुप्पट करायला झोताची तीव्रता चौपट लागते, म्हणून आकडे पळतात तसा डोळ्यांचा अनुभव पळत नाही.

किती ल्युमेन हवेत, हे जागेवर ठरतं. राजा मानसिंह तोमराने पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर बांधलेल्या, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या मानमंदिर महालात जमिनीखाली दोन मजले आहेत. मोगलांनी तिथे शाही कैदी ठेवले. औरंगजेबाचा भाऊ मुराद बक्ष १६६१मध्ये या किल्ल्यातच मारला गेला. अशा बंद, वटवाघळांच्या तळघरात तीस-चाळीस ल्युमेनचा पसरट उजेड भरपूर होतो. हजार ल्युमेन जवळच्या दगडावरून उलटून डोळ्यांतच येतात. तिथे गरज असते ती रंग नीट दाखवणाऱ्या, किंचित पिवळसर प्रकाशाची. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा झगमगाट दगडाचा पोत पुसून टाकतो.

शेतात तर याच गोष्टीवर जीव अवलंबून असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२०च्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे, आणि जास्त मृत्यूंच्या राज्यांत मध्य प्रदेश आहे. मण्यार रात्री फिरते. पायापुढच्या तीन-चार मीटरांत रुंद, एकसारखा, रंग ओळखू येईल असा उजेड पाडणारी साठ-ऐंशी ल्युमेनची टॉर्च तिथे उपयोगी. दोनशे मीटर लांब सुईसारखा झोत फेकणारी 'झूम' टॉर्च नाही. बाजारात दुसरीच दिमाखाने विकली जाते, कारण दुकानदार ती समोरच्या इमारतीवर मारून दाखवू शकतो.

धुक्यात पिवळा प्रकाश जास्त आरपार जातो ही समजूत पक्की रुजली आहे. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फरक पडतो तो टॉर्च धरण्याने. डोळ्यांजवळ धरली तर पुढे पांढरी भिंत उभी राहते. कमरेखाली, जमिनीकडे धरली तर रस्ता दिसतो.

बाकी अंगकाठीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ॲल्युमिनियमची, कठीण ॲनोडायझिंगची, पुढे काच आणि आट्यांवर रबरी कडं असलेली टॉर्च घ्यावी. खोक्यावर आयपीएक्स७ किंवा ८ असेल तर ती पाण्यात बुडूनही चालेल. पण त्या 'एक्स'च्या जागी धुळीचा आकडा असतो, आणि आपल्याला पाण्याइतकीच धुळीची चिंता आहे. म्हणून आयपी६८ दिसलं तर उत्तम. आटे वर्षातून एकदा फडक्याने पुसून थेंबभर सिलिकॉन ग्रीस लावावं. खोबरेल तेल नको. ते धूळ धरून ठेवतं. डोकं पिळून लागणारी टॉर्च सर्वांत कमी बिघडते, मागच्या बटणाची त्याखालोखाल. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेली टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पीत राहते. अशी असेल तर ठेवताना झाकण पाव फेरा सैल करावं. लुकलुकणाऱ्या आणि एसओएसच्या खुणांवर पैसे घालवू नयेत. त्या बरोब्बर नको तेव्हा लागतात.

आता निवाडा. घरातल्या वृद्धांसाठी, वाड्याच्या जिन्यासाठी, रोजच्या फिरण्यासाठी: एका डबल ए, म्हणजे पेन्सिल सेलची, मागच्या बटणाची, दीडशे-दोनशे ल्युमेनची, ज्यात पाचेक ल्युमेनची पायरी आहे अशी. फेनिक्सची ई१२ ही या घडणीचा चांगला नमुना. किल्लीला अडकवायला ट्रिपल ए सेलवरची पिळून लागणारी कुठलीही साधी टॉर्च चालेल. फार खर्च करू नये, ती हरवतेच. रात्रभर शेतात किंवा पहाऱ्यावर असणाऱ्याला १८६५० घ्यावीच लागेल, कॉन्व्हॉयच्या एस२ प्लससारखी सुटा सेल घेणारी, आणि सेल मात्र टॉर्चबरोबर 'फ्री' मिळालेला नव्हे, वेगळा, वजन करून घेतलेला.

बाड्यावर किंवा मुरारच्या दुकानात टॉर्च बघायला जाताना खिशात आपला भरलेला रिचार्जेबल सेल घेऊन जा. दुकानदाराचा सेल न घालता आपला घालून बघा. टॉर्च कमाल उजेडावर पाच मिनिटं चालू ठेवा: डोकं कोमट झालं तर उष्णता बाहेर येते आहे, अजिबात गरम झालं नाही आणि उजेड मात्र उतरला तर ठेवून द्या. आणि घरातल्या जुन्या टॉर्चमधून काढलेले गळके सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तेव्हा दुकानदार ते परत घेतो का हे आधी विचारा.